दमट हवा आणि इंजिनाचा दम

वैशाखात रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालात, गाडीत चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या, की साखरपा मागे पडल्यावर छोट्या पेट्रोल गाडीला धाप लागते. आंबा घाटात वळण घेऊन पुन्हा वेग पकडायचा तर गिअर पाडावा लागतो, काही जण एसीही बंद करतात. चढ आणि ओझं ही कारणं आहेतच. पण तिसरं कारण दिसत नाही: इंजिन ज्या हवेत श्वास घेतं, ती हवा.

पेट्रोल जळायला ऑक्सिजन लागतो. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांना असते त्यापेक्षा ३२ अंशांना तिची घनता साधारण साडेपाच टक्क्यांनी कमी भरते. त्यात आपला किनारा दमट. ३२ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेतला जवळजवळ ४ टक्के भाग निव्वळ पाण्याची वाफ असते. तिने अडवलेली जागा ऑक्सिजनला मिळत नाही. घाट चढल्यावर हवा जरा थंड होते खरी, पण ६०० मीटर उंचीवर दाबच सुमारे ७ टक्क्यांनी उतरलेला असतो.

म्हणून मला टिगॉर जेटीपीचं फार अप्रूप वाटतं. टाटा मोटर्स आणि कोइमतूरची जयेम ऑटोमोटिव्हज यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतून घडलेली ही सेडान २०१८ च्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विक्रीलाही आली. जयेमचा हात रेसच्या गाड्यांवर बसलेला. नेहमीच्या पेट्रोल टिगॉरचं इंजिन १.२ लिटरचं, तीन सिलिंडरांचं, ८५ अश्वशक्तीचं. जेटीपीचंही १.२ लिटरचं आणि तीनच सिलिंडरांचं, पण टर्बोच्या जोरावर ११४ अश्वशक्तीचं.

टर्बोची कल्पना मला आजही सुंदर वाटते. सायलेन्सरवाटे वाया जाणारा गरम धूर एक छोटं चक्र फिरवतो, मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगाने. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. दाबल्यावर हवा तापते, सायकलचा पंप मारताना खालचं टोक तापतं तशी. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून पुढे सोडतात. बाहेरची हवा विरळ असो की दमट, आत ऑक्सिजन पुरेसा पोचतो.

ही गाडी १०.३८ सेकंदांत १०० चा वेग गाठते, असं कंपनी सांगायची. घाटात मात्र माझ्या लेखी दुसरा आकडा मोलाचा. साध्या टिगॉरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ११४ न्यूटन-मीटर, तोही ३५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३५०० फेरे घेत असताना. जेटीपीचा १५० न्यूटन-मीटर, आणि तो २००० ते ४००० आरपीएमच्या संपूर्ण पट्ट्यात टिकतो. म्हणजे वळणातून बाहेर पडताना, इंजिनाचे फेरे खाली आलेले असतानाच, पूर्ण जोर हाताशी असतो. त्याला जोड म्हणून गिअरची प्रमाणं बदलली, सस्पेन्शन कडक केलं. गाडीची उंची मात्र ४ मिलिमीटरनेच कमी केली. गावोगावच्या गतिरोधकांवरून जायचं तर यापेक्षा खाली आणणं शहाणपणाचं नव्हतंच.

एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरातल्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि जेटीपी त्या पिढीत आली नाही. जुन्या बाजारात एखादी सापडली, तर टेस्ट ड्राइव्ह सपाट हायवेवर घेऊ नका. भर उन्हाळ्यात, माणसं भरून, साखरप्याच्या पुढे न्या.