राजकीय अर्थशास्त्रात पीएचडी: नेटपासून संशोधन आराखड्यापर्यंत

नेट म्हणजे सहायक प्राध्यापकपद, संशोधन अधिछात्रवृत्ती आणि पीएचडी प्रवेश यांसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्या विषयांच्या यादीत 'राजकीय अर्थशास्त्र' शोधाल तर सापडणार नाही. पहिला घोळ इथेच होतो. साखर कारखाने, जमीन, कामगार, अर्थसंकल्प यांमागचं राजकारण अभ्यासायचं असेल, तरी अर्ज अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र अशा एखाद्या विषयातूनच भरावा लागतो. साधारण नियम असा, की एमए ज्या विषयात केलंय त्यातच नेट द्यायची. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी घेतलेल्यांना मात्र पीएचडीच्या विषयात नेट देता येते, मग पदवी कशातलीही असो. त्यांना सहायक प्राध्यापक पदासाठीची पात्रता मात्र मिळत नाही.

एमएवाल्यांना खुल्या गटात ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५० टक्के. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज भरता येतो. जेआरएफसाठी, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, वय ३० च्या आत हवं. महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट आहे.

२०२४-२५ पासून नेटच्या निकालात तीन गट पडतात: जेआरएफसह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, आणि फक्त पीएचडी. जेआरएफवाल्यांचा पीएचडी प्रवेश मुलाखतीवर होतो. उरलेल्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणून निकाल लागल्यावर विद्यापीठांच्या जाहिरातींवर डोळा ठेवा. काही विद्यापीठं स्वतःची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा, घेतात. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात, आणि आमच्याकडची मुलं नेमका तोच भाग 'नंतर बघू' म्हणून सोडतात.

कागदपत्रांत दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि एमएच्या गुणपत्रिका, फोटो ओळखपत्र, विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत हाताशी ठेवा. खरी मेख जातीच्या दाखल्यात आहे. नेट ही केंद्राची परीक्षा, त्यामुळे ओबीसीसाठी केंद्राच्या यादीत जात हवी आणि नॉन-क्रिमिलेअर केंद्राच्या नमुन्यातलं हवं. राज्याचं व्हीजेएनटी, एसबीसी किंवा एसईबीसी आरक्षण इथे त्या नावानं लागू होत नाही. मी स्वतः राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन पडताळणीला गेलो होतो. टेबलापलीकडच्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तुमच्या राज्यापुरता." मग पुन्हा सेतू, पुन्हा प्रांत, आणि पुढची मुदत मिळाली म्हणून वाचलो.

आता आराखडा. मुलाखतीत हाच बोलतो. 'महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारी: एक अभ्यास' हे शीर्षक आहे, प्रश्न नव्हे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ सांगतो की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. मग एकाच तालुक्यातला एक कारखाना वेळेत पैसे देतो आणि शेजारचा का रखडवतो? संचालक मंडळाच्या निवडणुकीच्या वर्षी हे गणित बदलतं का? हा झाला प्रश्न. लगेच पुढचं सुचतं: वार्षिक अहवाल कुठून मिळतील, किती शेतकऱ्यांशी बोलायचं, आकडे आणि मुलाखती जुळल्या नाहीत तर कशावर विश्वास ठेवायचा. पद्धती म्हणतात ती हीच. पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ तर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षच झाले होते. तेव्हा अर्थशास्त्रात राजकारण कशाला, असं कुणी विचारलं तर गोंधळू नका.

मार्गदर्शकाचाही हिशेब आधीच करा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी मिळत नाही. अर्ज भरण्याआधी ईमेल करून जागा आहे का ते विचारावं. त्यात कुणी रागावत नाही.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) कोर्सवर्क, म्हणजे ठरावीक अभ्यासक्रम, त्यात संशोधन नीतिमत्ता सक्तीची. पीएचडीची मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं, पुढे दोन वर्षांची वाढ. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. २०२३ पासून जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. जेआरएफ हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती पाहा. प्रत्येकीचे समाजगट वेगळे आहेत.

नोकरी करत अर्धवेळ पीएचडी करणार असाल तर मालकाचं ना हरकत पत्र लागतं, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी सोडू हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. नुसतं 'हरकत नाही' एवढंच असलेलं पत्र परत येतं.