कानाची तपासणी नेमकं कोण करतं?

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या केंद्रात बरेच जण आत आल्या आल्या म्हणतात, "डॉक्टर, कानाचं मशीन दाखवा." आम्ही डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट आहोत. आणि मशीनची पाळी सगळ्यात शेवटी येते.

कान वाहतोय, दुखतोय, पडद्याला भोक आहे, मळ घट्ट बसलाय, ही कामं कान-नाक-घसा तज्ज्ञांची. औषध किंवा शस्त्रक्रिया आमच्याकडे नाही. किती ऐकू येतं, कुठे अडतं हे मोजणं आणि उरलेलं ऐकणं वापरात आणणं हे आमचं काम. मागच्या पावसाळ्यात एक काका ऑनलाइन मागवलेली दोन मशीनं पिशवीतून घेऊन आले. दोन्ही कान मळाने बंद होते. आधी तज्ज्ञांकडे पाठवलं, मळ निघाला आणि मशीनं पिशवीतच राहिली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रातोरात एका कानाने ऐकू येणं बंद झालं, तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. त्यावरच्या उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.

ऑडिओलॉजिस्ट व्हायला बारावी विज्ञाननंतर बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा या विषयांची पदवी करावी लागते: चार वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. पुढे दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. मुंबईत हे शिक्षण वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत मिळतं. ही संस्था 1983 सालची. एक वर्षाचा डिप्लोमा केलेले सहायकही या क्षेत्रात असतात, पण पदवीधर ऑडिओलॉजिस्ट वेगळा. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा, आम्हालाही. आमचा भिंतीवर लावलेला आहे. दुकानात मशीन विकणारा माणूस गोड बोलतो म्हणून तो तपासणी करायला पात्र ठरत नाही.

तपासणीत तुम्ही आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसता. 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे खालच्या पट्टीपासून उंच पट्टीपर्यंतचे सूर ऐकवतो आणि प्रत्येकाचा आवाज हळूहळू कमी करत नेतो. ऐकू आला की बटण दाबायचं. अगदी पुसट आला तरी दाबा, इथे कुणी गुण देत नाही. मग कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा ठेवून तेच सूर पुन्हा ऐकवतो. हाडावरून नीट ऐकू आलं आणि हेडफोनमधून नाही, तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. दोन्ही मार्गांनी सारखंच कमी आलं, तर ती आतल्या कानात किंवा नसेत. दोन कानांत फरक असला की चांगल्या कानात 'शूऽऽ' असा आवाज सोडावा लागतो, नाहीतर तोच दुसऱ्याच्या वतीने उत्तरं देतो.

"ऐकू येतं हो, पण कळत नाही" ही तक्रार रोजची आहे. वयाबरोबर आधी उंच सूर जातात आणि 'स' नेमका तिथेच असतो. 'साठ रुपये'चं 'आठ रुपये' होतं आणि भाजीवाल्याशी वाद पेटतो. अशा वेळी नुसता आवाज वाढवून भागत नाही. ऑडिओग्राम, म्हणजे तपासणीचा आलेख, बघून जे सूर गेलेत तेवढेच मशीनमध्ये वाढवावे लागतात. म्हणून शेजाऱ्यांचं मशीन 'लावून बघायला' आणू नका.

तान्ह्या बाळाचीही तपासणी होते, बहुतेकदा झोपेतच. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू, हे वेळापत्रक धरून चालतो. "आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात" म्हणत दोन वर्षं थांबू नका.

येताना जुने रिपोर्ट आणा. विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तपासणीला येऊ नका; ढोल-ताशाने कान तात्पुरते बधिर होतात आणि आकडे खोटे येतात. घरातलं रोज बोलणारं एक माणूस सोबत असू द्या, मशीनची ट्रायल त्यांच्याच आवाजावर घेतो. आणि गोखले रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षानेच या.