मजकूर आधीच ‘एस्केप’ करून पाठवू नका
(जेसन फाइलमधून, म्हणजे डेटा ठरावीक पद्धतीने मांडलेल्या मजकूर-फाइलमधून, मालाच्या नोंदी चढवणाऱ्या ग्राहकांसाठी)

मालाच्या वर्णनात एचटीएमएल (वेबपानाची मांडणी सांगणारे टॅग) चालतं का, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. चालतं. जाड अक्षरं, याद्या, तक्ते, लिंक, सगळं. आमचा वेळ जातो तो भलत्याच कारणाने: सुरक्षित व्हावं म्हणून काही जण खास अर्थाची चिन्हं आधीच हाताने सांकेतिक रूपात बदलून ठेवतात, म्हणजे ‘एस्केप’ करतात.

‘नाव’ हा साधा मजकूर. तिथे & हवं असेल तर & च लिहा. पान दाखवताना त्याचं ‘&एएमपी;’ आमची सिस्टिम करते. तुम्हीही केलंत की गिऱ्हाइकाला ‘वह्या &एएमपी; पेनं’ असं दिसतं. ‘वर्णन’ मात्र एचटीएमएल आहे, तिथे ‘&एएमपी;’ बरोबरच. पण लिंकच्या अवतरणचिन्हांच्या आधी हाताने \ टाकून तो मजकूर जेसन लायब्ररीला (जेसन बनवून देणाऱ्या तयार कोडला) दिला, तर लायब्ररी त्या \ लाही एस्केप करते. फाइल वैध ठरते, कुठेच एरर येत नाही आणि लिंक मात्र भलतीकडे जाते. म्हणून सापडायला वेळ लागतो.

जेसनच्या स्ट्रिंगमध्ये (अवतरणचिन्हांतल्या मजकुरात) " , \ आणि नवी ओळ, टॅब यांसारखी कंट्रोल कॅरेक्टर एवढीच एस्केप करावी लागतात. < ला लागत नाही, यूटीएफ-8 मधल्या (अक्षरं साठवायच्या प्रचलित पद्धतीतल्या) मराठीलाही नाही. हे काम लायब्ररीवर सोडा. स्ट्रिंगा जोडून फाइल बनवू नका.

काही जण म्हणतात, ‘दुहेरी (दोनदा एस्केप) झालेलं तुम्हीच उलटवा ना!’ आपोआप आम्ही ते करत नाही, आणि करणारही नाही. कोडिंगच्या पुस्तकाच्या वर्णनात ‘&एलटी;’ (टॅग सुरू करणाऱ्या चिन्हाचं एस्केप केलेलं रूप) मुद्दामच लिहिलेलं असतं; ते उलटवलं तर त्याचा खराखुरा टॅग होईल.

पानाचा सोर्स उघडून पाहणारे विचारतात, की < च्या जागी ‘\यू003सी’ कुठून आलं? आम्हीच घातलं. जेसन स्क्रिप्ट टॅगमध्ये (पानातला कोड ठेवायच्या टॅगमध्ये) ठेवलं, की ब्राउझर त्यातली अवतरणचिन्हं जुमानत नाही. वर्णनात कुठे स्क्रिप्टचा बंद टॅग आला, की तिथेच स्क्रिप्ट संपली असं समजतो आणि उरलेलं पान म्हणून वाचतो. या बदलाने डेटा तोच राहतो, धोका टळतो.

एस्केप केलं म्हणजे मजकूर निर्धोक झाला, असंही नाही. चित्राच्या टॅगमधला ‘ऑनएरर’ (चित्र उघडलं नाही तर चालणारा कोड) वैध जेसनमधूनही येतो आणि चालतो. त्यामुळे परवानगीच्या यादीत नसलेले टॅग आणि ॲट्रिब्यूट आम्ही काढतो. ही गाळणी प्रत्येक प्लॅनमध्ये आहे. जुना कॅटलॉग आधीच दुहेरी झाला असेल तर नमुन्याच्या दहा-बारा नोंदी पाठवा. बॅकअप घेऊन, प्रत्येक रकाना तुम्हाला दाखवून साफ करून देतो. त्याचं कोटेशन वेगळं.