फास्टॅगचा वार्षिक पास: घरच्यांना आणि मित्रांना त्याचा फायदा कसा देता येतो?

सातारा, कराड, इस्लामपूर भागातून ज्यांची पुण्याला सारखी ये-जा असते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी फास्टॅगचा वार्षिक पास काढलेला आहे. पास आला की घरातून प्रश्नही सुरू होतात. ‘दादा, तुझ्या पासवर आमची गाडी जाईल का?’ ‘मेव्हण्यांना रविवारी पुण्याला जायचंय, तुझा टॅग देतोस का?’ ‘दोन भावांत मिळून एकच पास काढला तर?’ या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तरीही आपल्या माणसांना या सवलतीचा फायदा द्यायचे सरळ आणि नियमात बसणारे मार्ग आहेत. ते नीट माहीत नसल्यामुळे लोक भलतंच काही करून बसतात आणि चांगला चालणारा टॅग बंद पडतो. म्हणून हे जरा सविस्तर.

पास म्हणजे नेमकं काय

ही योजना १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी पासची किंमत ३००० रुपये ठरवली होती. तुम्ही काढाल तेव्हा ॲपवर जी रक्कम दिसेल ती भरायची. त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यातलं जे आधी संपेल तोपर्यंत राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर वेगळा टोल कापला जात नाही. ३००० रुपयांना २०० फेऱ्यांनी भागलं तर एका नाक्याला १५ रुपये पडतात.

‘फेरी’ म्हणजे जाऊन-येऊन असं समजू नका. आपल्याकडच्या नाक्यांवर एकदा नाका ओलांडला की एक फेरी. साताऱ्याहून पुण्याला जाताना आनेवाडी आणि खेड शिवापूर, येताना पुन्हा तेच दोन, म्हणजे एका जाण्यायेण्यात चार फेऱ्या गेल्या. या हिशोबाने पासात ५० वेळा पुण्याला जाऊन येता येतं. दर शनिवार-रविवारी गावी येणाऱ्या नोकरदाराला वर्षाला ५२ आठवडे धरून २०८ फेऱ्या लागतात, त्यामुळे त्याचा पास वर्ष संपायच्या थोडा आधीच संपेल. कराड किंवा इस्लामपूर भागातून येणाऱ्यांना तासवडेचा नाकाही लागतो. त्यांच्या सहा फेऱ्या होतात आणि ३३ जाण्यायेण्यांत पास जवळपास संपतो. फेऱ्या संपल्या तर वर्ष पुरं व्हायची वाट बघावी लागत नाही, लगेच नवा पास काढता येतो. नाही काढला तर टॅग पूर्वीसारखा साधा फास्टॅग म्हणून चालतो.

परवडतो कुणाला, हेही बघा. समजा प्रत्येक नाक्यावर गाडीचा एकेरी टोल ८० रुपये आहे. पासशिवाय २४ तासांच्या आत परत आलात तर दोन्ही वेळचा मिळून दीडपट टोल लागतो, म्हणजे सातारा-पुणे-सातारा २४० रुपये. मुक्काम करून आलात तर ३२०. मुक्कामी जाणाऱ्याचा पास दहाव्या वेळी वसूल होतो, त्याच दिवशी परतणाऱ्याचा तेराव्या वेळी. वर्षातून पाच-सहा वेळाच पुण्याला जाणाऱ्याने या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पास सक्तीचा नाहीच.

कुणाला मिळतो, काय लागतं

पास फक्त खासगी वापराच्या कार, जीप आणि व्हॅनला मिळतो. गाडीची नोंदणी कशी आहे हे ‘वाहन’ या सरकारी नोंदींतून तपासलं जातं, त्यामुळे पिवळ्या पाटीच्या टुरिस्ट गाडीला, टेम्पोला, स्कूल व्हॅनला तो मिळत नाही. चुलत्यांची गाडी घरातलीच असली, पण परवाना प्रवासी वाहतुकीचा असला, तर तिथे पास चालत नाही. अशा गाडीवर पास वापरलेला आढळला तर तो सूचना न देता बंद केला जातो.

नवा फास्टॅग घ्यायची गरज नाही. आहे तोच चालतो, मात्र चार गोष्टी जागेवर हव्यात: टॅग काचेला नीट चिकटवलेला असावा, तो काळ्या यादीत नसावा, गाडीच्या खऱ्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेला असावा आणि त्याची केवायसी झालेली असावी. नवी गाडी शोरूममधून बाहेर पडताना कधी कधी टॅग चॅसी नंबरवर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावर) दिलेला असतो. अशा टॅगवर पास निघत नाही. आधी ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे आरसीची (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत देऊन एमएच ११, एमएच १० किंवा एमएच ५० असा जो नंबर मिळाला असेल तो नोंदवून घ्यावा लागतो.

कागदपत्रांची मोठी यादी नाही. आरसी आणि टॅगला जोडलेला चालू मोबाईल नंबर हाताशी असला की पुरे. खरी अडचण कागदाची नसते, या मोबाईल नंबरची असते. गाडी वडिलांच्या नावावर, टॅग घेतला तेव्हा नंबर दिला धाकट्या मुलाचा, आणि तो आता वेगळंच सिमकार्ड वापरतोय, असं घरोघरी झालेलं आहे. ओटीपी येतो तो बंद पडलेल्या नंबरवर, आणि माणूस समजतो ॲप खराब आहे. म्हणून पैसे भरायला बसण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये किंवा ग्राहक सेवेला फोन करून नंबर कोणता आहे ते विचारा आणि बदलायचा असेल तर आधी बदला.

अर्ज कसा करायचा

पास ‘राजमार्गयात्रा’ या ॲपवर किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच मिळतो. कुठलाही एजंट, कुठलंही दुकान, नाक्याबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस यात नसतो. ‘पास काढून देतो’ म्हणून आलेल्या लिंकवर एक रुपयाही भरू नका.

ॲपमध्ये वार्षिक पासचा पर्याय उघडून गाडीचा नंबर टाकायचा, ती पात्र आहे का याची तपासणी होते, ओटीपी टाकायचा आणि यूपीआयने किंवा कार्डाने पैसे भरायचे. फास्टॅगच्या वॉलेटमध्ये असलेले पैसे यासाठी वापरता येत नाहीत. ते वॉलेटमध्येच राहतात. पैसे जमा झाल्यावर साधारण दोन तासांत पास चालू होतो आणि तसा संदेश येतो. म्हणजे सकाळी निघायच्या आधी पाच मिनिटं पास काढून आनेवाडीला पोचलात, तर त्या दिवशीचा टोल वॉलेटमधून कापला जाण्याची शक्यता धरा. आदल्या रात्री काढलेला बरा.

एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत, पास मध्येच थांबवून पुढे ढकलता येत नाही. गाडी चार महिने परगावी उभी राहणार असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

घरच्यांना फायदा द्यायचे तीन मार्ग

पहिला मार्ग, गाडी द्या. पास ज्या गाडीच्या टॅगवर आहे त्या गाडीचाच असतो, चालवणाऱ्याचा नसतो. त्यामुळे तुमची गाडी घेऊन भाऊ गेला, मुलगी गेली, शेजारचे काका दवाखान्यासाठी पुण्याला घेऊन गेले, तरी नाक्यावर पासातलीच फेरी मोजली जाते. मात्र फेरी गेल्याचा संदेश नोंदलेल्या नंबरवर येतो, गाडीत बसलेल्याच्या नाही. कुणाला गाडी दिली असेल तर शिल्लक फेऱ्या तुम्हीच बघायच्या.

दुसरा, एकाच गाडीतून जा. हिंजवडी किंवा खराडीत नोकरी करणारे साताऱ्याचे चार मित्र सोमवारी पहाटे एका गाडीतून निघाले, तर चौघांच्या चार गाड्यांचे टोल वाचतात आणि एकाच्याच पासात काम होतं. पास काढायला चौघांनी मिळून पैसे घालायलाही काही हरकत नाही, फक्त तो एकाच गाडीवर राहणार हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. पुढे गाडी विकली, मित्र सुटला, असं झाल्यावर पास दुसऱ्याच्या गाडीवर चढवता येत नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: पास भेट द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, महामार्ग प्राधिकरणाने राजमार्गयात्रा ॲपमध्येच ही सोय जाहीर केली. ॲपमधला पास जोडण्याचा पर्याय निवडायचा, ज्याला द्यायचाय त्याच्या गाडीचा नंबर आणि संपर्काचा तपशील भरायचा, ओटीपीची पडताळणी झाली की पास त्याच्या टॅगवर चालू होतो. पुण्यातल्या मुलाने कराडच्या आईवडिलांच्या गाडीवर पास काढून द्यावा, बहिणीला भाऊबीजेला द्यावा, याहून उपयोगी भेट आमच्या भागात दुसरी सुचत नाही, कारण वर्षभर दर खेपेला ती कामी येते. करताना समोरच्याला फोनवर धरा. गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकला तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून आरसीचा फोटो मागवून त्यावरून नंबर टाका, तोंडी सांगितलेल्यावरून नको.

टॅग हातात घेऊन फिरवू नका

हे ठळक सांगायलाच हवं. काही जण टॅग काचेला न चिकटवता डॅशबोर्डवर ठेवतात, आणि गाडी बदलली की तो खिशातून काढून नाक्यावर काचेपाशी धरतात. पास आल्यापासून तर हा मोह वाढला. अशा सुट्या टॅगमुळे चुकीची गाडी नोंदली जाते, रांग अडते. जुलै २०२५ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने असे टॅग लगेच कळवायचा आदेश नाके चालवणाऱ्यांना दिला, म्हणजे ते काळ्या यादीत टाकता येतील. टॅग काळ्या यादीत गेला की पासही गेला. वर, राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ पासून वैध टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो. मेव्हण्यांचे ८० रुपये वाचवायला जाऊन स्वतःचा अख्खा पास घालवण्याची ही गोष्ट आहे.

सहलीला निघताना

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाणारी कुटुंबं आपल्याकडे खूप. पास आहे म्हणून सगळा रस्ता फुकट, असं नाही. आनेवाडी, खेड शिवापूरला पास चालतो, पण पुढचा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे. तिथे पास लागू नाही, नेहमीसारखा टोल वॉलेटमधून कापला जातो. समृद्धी महामार्गाचंही तेच. फास्टॅगवर चालणाऱ्या वाहनतळांचे पैसेही वॉलेटमधूनच जातात. राज्याच्या नाक्यांवरही १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणून पास असला तरी वॉलेटमध्ये पैसे ठेवावेच लागतात. सांगली-मिरजेहून पंढरपूर, सोलापूरकडे जाणाऱ्यांनी वाटेतल्या नाक्यांची नावं राजमार्गयात्रा ॲपमध्ये बघून घ्यावीत.

नाक्याजवळ राहत असाल तर आधी हे वाचा

पाचवड, भुईंज, कुडाळ, उंब्रज अशा गावांतल्या लोकांसाठी वार्षिक पास बहुतेक वेळा चुकीची निवड ठरते. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला स्थानिक मासिक पास मिळतो. त्याचा दर दर वर्षी बदलतो. २०२५-२६ साठी तो महिन्याला ३५० रुपये होता. त्यात त्या नाक्यावरून महिनाभर कितीही वेळा जा. पाचवडहून रोज साताऱ्याला नोकरीला येणाऱ्याच्या महिन्याला ५० फेऱ्या होतात. त्याचा वार्षिक पास चार महिन्यांत संपेल, म्हणजे २०२५-२६ च्या दराने महिन्याला ७५० रुपये. स्थानिक पास निम्म्याहून कमी. मात्र तो त्या एकाच नाक्याला चालतो, खेड शिवापूरला नाही.

स्थानिक पाससाठी मात्र कागद लागतात: आरसी, त्याच पत्त्याचं आधार कार्ड किंवा वीजबिल, आणि गाडीवर चालू फास्टॅग. आरसीवर पुण्याचा पत्ता आणि राहायला भुईंजला, असं असेल तर आधी पत्ता बदलून घ्यावा, नाहीतर नाक्याच्या कार्यालयात अर्ज अडतो. २० किलोमीटरच्या बाहेर राहून एकाच नाक्यावरून रोज जाणाऱ्यांसाठी ५० फेऱ्यांचा मासिक पास असतो, त्यात टोल दोन तृतीयांश पडतो. आणि पिवळ्या पाटीवाल्यांनीही नाराज होऊ नये: त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या, राष्ट्रीय परवाना नसलेल्या व्यावसायिक गाडीला त्या जिल्ह्यातल्या नाक्यावर निम्मा टोल लागतो. नाक्यावर लावलेल्या दरफलकावर हा रकाना असतो.

पास चालू असतानाही राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर वॉलेटमधून पैसे कापले गेले, तर नाक्यावरच भांडत बसू नका, मागे रांग लागते. संदेशाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, १०३३ या हेल्पलाईनला फोन करा आणि टॅग देणाऱ्या बँकेकडेही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. गाडी दुसऱ्या कुणी नेली असेल तर तारीख, वेळ आणि नाक्याचं नाव त्याच्याकडून विचारून मगच फोन करा.