टीबीच्या पेशंटचं अंडं पोरांच्या ताटात

टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात. २०१८ मध्ये ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाले. त्याच सुमारास ‘निक्षय मित्रां’कडून, म्हणजे पेशंटच्या मदतीला पुढं आलेल्या दात्यांकडून, मिळणारी शिध्याची फूड बास्केट पेशंटच्या घरच्यांनाही द्यायचं ठरलं. आजारी एकटा असताना शिधा साऱ्या घराला का, याचं उत्तर बरंच मागं जातं.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीचं नाव मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल उघडणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्यावरून पडलं. तिथं क्षयाच्या रोग्यांचं सॅनेटोरियम होतं. सातारा जिल्ह्यात पाचगणीला बेल-एअर होतं, १९१२ पासून. औषध नव्हतंच. कोरडी हवा, पडून राहणं, दूध, अंडी आणि दर आठवड्याला वजनकाटा. ज्यांना हे परवडत नव्हतं ते घरच्या सोप्यात वेगळा ताट-तांब्या घेऊन खोकत बसायचे.

मग १९४४ ला स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९५२ ला आयसोनियाझिड. तरी सॅनेटोरियमवरचा विश्वास हलत नव्हता. तो हलवला मद्रासच्या टीबी केमोथेरपी सेंटरनं. त्यांनी शहरातल्या १९३ गरीब पेशंटचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. गोळ्या दोघांना त्याच, पण एक गट सॅनेटोरियममध्ये उत्तम जेवणावर, तर दुसरा आपल्या दाटीवाटीच्या खोलीत, मिळेल ते खाऊन. वर्षअखेर सॅनेटोरियममधल्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के पेशंटचा आजार आटोक्यात आला. घरातल्यांना लागण जास्त झाली, असंही दिसलं नाही. १९५९ च्या या निकालानं जगभर सॅनेटोरियमं ओस पडली. १९६२ चा आपला राष्ट्रीय कार्यक्रमही घरी राहून गोळ्या घेण्यावरच उभा राहिला.

निष्कर्ष खराच होता, पण आपण त्यातून जरा जास्तच शिकलो. गोळ्या चालू असलेला माणूस साध्या जेवणावरही बरा होतो, एवढंच त्यात दिसलं होतं. त्याच्या शेजारी निजणारी अर्धपोटी पोरं पुढं आजारी पडतात की नाही, याचा जेवणाशी संबंध कुणी तपासला नव्हता.

तो तपासला झारखंडच्या चार जिल्ह्यांत, २०१९ ते २०२२ मध्ये, ‘रेशन्स’ या चाचणीत. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्यासोबत चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था होती, म्हणजे मद्रासचं तेच जुनं सेंटर! शिधा सगळ्या पेशंटना दिला, पण घरच्यांना मात्र एकाच गटात. एकूण १०,३४५ घरच्यांवर लक्ष ठेवलं. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी निघाला. अंगात निजलेला जंतू कुपोषणानं प्रतिकारशक्ती खचली की उठतो, त्याचा हा हिशेब. निकाल २०२३ मध्ये छापून आला.

‘अंडं तुमच्यासाठी आहे, पोरांना वाटू नका,’ असं पेशंटला बजावायची आपल्याकडं रीत आहे. आई ऐकून घेते, आणि घरी आल्यावर अर्धं अंडं धाकट्याच्या ताटात सरकवते. रेशन्सचे आकडे पाहिले तर तिचं चुकत नव्हतं. अंडी दोन हवी होती. महिन्याच्या १००० रुपयांत दिवसाला ३३ रुपये बसतात.