विहिरीचा टीसीएल आणि तलावाचे गणित

कोकणातील एक अख्खी पिढी विहिरीत पोहायला शिकली, पाठीला सोडणासकट दोन सुके नारळ बांधून. त्या विहिरीचे पाणी कोणी रोज तपासत नसे, कारण खालचे झरे तिला सतत नवे पाणी देत आणि माडापोफळींच्या शिंपणासाठी रोज उपसाही होत असे. आता दापोली, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली या पट्ट्यात घरगुती निवासांच्या मागील अंगणातही निळ्या फरशीचे पोहण्याचे तलाव दिसतात. त्यांत भरलेले पाणी पुष्कळदा तशाच विहिरीचे असते आणि निगा राखण्याची रीतही विहिरीचीच उचललेली असते: ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक वापरतो तीच टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी ओतून द्यायची. घोटाळा इथेच सुरू होतो.

विहिरीसाठी १००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची साधारण २.५ ग्रॅम पावडर पुरते. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल अशा तलावात ६०,००० लिटर पाणी मावते, म्हणजे या हिशेबाने १५० ग्रॅम पावडर झाली. हिशेब चुकीचा नाही, पण पाणी वेगळ्या जातीचे आहे. तलावाला झरा नाही आणि उपसाही नाही. तेच पाणी महिनोन्‌महिने फिरत राहते आणि त्यात उतरणारा प्रत्येक माणूस घाम, त्वचेचे कण, अंगाला लावलेले तेल आणि, सांगायला संकोच वाटला तरी, थोडीफार लघवीही सोडून जातो. म्हणून पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले तरी चालते, तिथे तलावात ते सतत १ ते ३ मिलिग्रॅम राखावे लागते.

मात्र क्लोरीन किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पाण्यात विरघळल्यावर त्याची दोन रूपे होतात: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. जंतू मारण्याचे खरे काम पहिले रूप करते. दुसरे त्याच्या तुलनेत फारच मंद असते. या दोघांची वाटणी पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ठरवतो. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असते, ७.५ च्या आसपास निम्मे, आणि ८ वर जेमतेम पाव भाग. टीसीएलमध्ये चुना असतो आणि चुना सामू वाढवतो. त्यात जांभ्या दगडातील विहिरीचे पाणी बहुधा मऊ असते, सामू स्थिर धरून ठेवणारी बायकार्बोनेटे त्यात थोडी असतात, त्यामुळे तो लवकर वर सरकतो. पाणी धूसर दिसू लागते, म्हणून आणखी पावडर पडते, सामू आणखी चढतो आणि डबे रिकामे होत असताना जंतू मात्र निवांत राहतात. अशा वेळी आधी खायच्या सोड्याने बायकार्बोनेटांची पातळी सुधारून मग सौम्य केलेल्या आम्लाने सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आणावा लागतो.

तलावाजवळ गेल्यावर नाकात शिरणारा उग्र दर्प आला की पाहुणे म्हणतात, क्लोरीन फार घातले आहे. वस्तुतः बहुतेक वेळा परिस्थिती नेमकी उलट असते. घाम आणि लघवीतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने तयार होतात. डोळे चुरचुरणे आणि तो वास ही त्यांची करणी. मोकळे, म्हणजे अशा पदार्थांशी संयोग न पावलेले, क्लोरीन पुरेसे असलेल्या स्वच्छ तलावाला वास जवळजवळ नसतो. त्यामुळे वास घालवण्याचा एक उपाय, ऐकायला विचित्र वाटला तरी, क्लोरीन वाढवणे हाच आहे: अमोनियातील नायट्रोजनच्या सुमारे दहापट क्लोरीन मिळाले की क्लोरामाइनांचे विघटन होते. पाण्यातील क्लोरीन पाहण्यासाठी गावोगावी वापरली जाणारी ओटी (ऑर्थोटॉलिडीन) चाचणी इथे फसवू शकते, कारण मोकळे आणि संयोग पावलेले असे दोन्ही प्रकारचे क्लोरीन तिच्यात पिवळा रंग देते. तलावासाठी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी घेणे अधिक बरे. तिच्यात दोघांचा वेगळा हिशेब लागतो.

उन्हाचा तडाखा हा आणखी एक खर्च आहे. उघड्या तलावातील मोकळे क्लोरीन कडक उन्हात तासाभराच्या आतच निम्म्यावर येऊ शकते. तलावात टाकायच्या क्लोरीनच्या ट्रायक्लोरो गोळ्यांतून मिळणारे सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण स्वतः मात्र पाण्यातच साचत जाते आणि फार साचले की क्लोरीनला जखडून ठेवते. ते कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे काही पाणी काढून नवे भरणे. कोकणात हे काम पाऊसच करतो: जून-जुलैत तलाव भरभरून वाहतो आणि सायन्युरिक आम्ल पातळ होते. अर्थात क्लोरीन आणि बायकार्बोनेटेही त्याबरोबर पातळ होतात, त्यामुळे मोठ्या सरीनंतर चाचणी टाळता येत नाही.

जांभ्याच्या पाण्यात काही ठिकाणी विरघळलेले लोह असते. असे पाणी भरून क्लोरीन घातले की ते बघता बघता चहासारखे तांबूस होते, कारण लोहाचा गंज बनतो. तो तुरटीने खाली बसवता येतो आणि वाळूच्या फिल्टरने उरलासुरला गाळता येतो. पण पंपाने तलावाएवढे पाणी एकदा फिरवले म्हणजे सगळे पाणी गाळले गेले, असे नाही. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहते, म्हणून एका फेरीनंतरही सुमारे ३७ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलेच नसते. चार फेऱ्यांनंतर हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत येते. रात्री वीज वाचवण्यासाठी पंप बंद ठेवणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी या सगळ्याला पुरून उरतो. बहुतेक जिवाणू काही मिनिटांत मरतात, पण लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीनच्या पाण्यात तो आठवड्याहून अधिक तग धरतो, आणि ४ ते ६ मायक्रॉन आकारामुळे वाळूतूनही निसटतो. जुलाब झालेल्या मुलाला तलावात न उतरवणे, हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

किनाऱ्याच्या दमट हवेत टीसीएलचे पोते लवकर कस गमावते, त्यामुळे पावसाळ्यात उघडे राहिलेल्या पोत्यातील पावडर वजनाला तेवढीच भरली तरी क्लोरीन कमी देते. ती पावडर, ट्रायक्लोरो गोळ्या आणि आम्ल यांसाठी मापे वेगळी हवीत आणि खोल्याही. टीसीएल आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि टीसीएलच्या ओल्या मापाने गोळ्यांचा डबा उपसला तर भडका उडू शकतो.