रॅगिंगची तक्रार: सात दिवसांची मुदत तुमच्यासाठी नाही, प्राचार्यांसाठी आहे

प्रवेशावेळी भरायच्या, रॅगिंग करणार नाही अशा हमीपत्राचं आधी उरकून घेऊ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) अँटीरॅगिंग पोर्टलवर विद्यार्थ्याची आणि पालकांची माहिती भरायची, ईमेलवर नोंदणी क्रमांक व लिंक येते, ती कॉलेजने या कामासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला पाठवायची. ही शेवटची पायरी पुष्कळ जण विसरतात. हमीपत्र दरवर्षी नव्याने द्यावं लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षालाही. स्टॅम्पपेपर नाही, नोटरी नाही. कोर्टापाशी रांग लावू नका.

खरं घोडं अडतं ते तक्रारीपाशी.

सांगलीत एकांकिकेचे संघ, ढोलपथकं, कबड्डीच्या टीम, गॅदरिंगच्या कमिट्या यांना तोटा नाही. संघात घेण्याआधी ज्युनियरला उठाबशा काढायला लावायच्या, सगळ्यांसमोर कपडे उतरवायला सांगायचं, रात्रभर जागवायचं, आणि वर म्हणायचं, ‘ही आमची परंपरा, हॉस्टेलवरचं रॅगिंग थोडंच आहे?’ आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे रॅगिंगला बंदी घालतो आणि विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा मानसिक त्रास होईल असं कृत्य त्यात धरतो. जत-आटपाडीकडच्या पोराच्या बोलीवरून, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून केलेला छळही यूजीसीच्या नियमांत बसतो. २०१६ च्या दुरुस्तीने ते स्पष्टच केलं आहे. १९९९ च्या कायद्याखाली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. गुन्हा सिद्ध झाला की कॉलेजातून नाव कमी होतं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही.

तक्रार विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कोणीही करू शकतो, पण प्राचार्यांकडे आणि लेखी. ‘सरांच्या कानावर घातलंय’ याला कागदावर काही किंमत नाही. अर्जात तारीख, वेळ, जागा, कोण होतं आणि काय करायला लावलं हे लिहा. ‘त्रास दिला’ एवढ्या दोन शब्दांवर चौकशी पुढे सरकत नाही. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे स्क्रीनशॉट जोडा. स्क्रीनशॉट ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी घ्या. बहुतेक पोरं रागाच्या भरात आधी ग्रुप सोडतात. मार लागला असेल तर त्याच दिवशी सिव्हिलमध्ये दाखवून कागद घ्या. मात्र मेडिकल सर्टिफिकेट नाही म्हणून कोणी अर्ज परत करत असेल तर ऐकू नका, तशी अट कायद्यात नाही.

ऐनवेळी कोणाकडेच नसतो असा कागद म्हणजे पोच. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘साहेब बाहेर गेलेत, उद्या या’ हे उत्तर मिळणारच. मग तिथून थेट पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा, जोडीला ईमेल.

ही पोच कशासाठी, तर सात दिवस तिच्या तारखेपासून मोजतात. ‘सात दिवसांत तक्रार केली नाही, आता काही होत नाही’ असं सांगून पालकांना परत पाठवतात, ते साफ चूक आहे. हे सात दिवस प्राचार्यांना चौकशीसाठी दिलेले आहेत. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्यांनी आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. तथ्य नाही असं त्यांना वाटलं तरी तसं तक्रारदाराला लेखी कळवावं लागतं. ते पत्र मागून घ्या. आणि प्राचार्य हातावर हात ठेवून बसले तर कायदा त्यांनाच गुन्ह्याला मदत करणारा मानतो. अर्जाच्या शेवटी १९९९ च्या कायद्यातल्या या कलम ७ चा उल्लेख करून ठेवा, फाइल जरा लवकर हलते.

कॉलेजात जायचं धाडस होत नसेल तर १८००-१८०-५५२२ हा टोल-फ्री नंबर दिवसरात्र चालू असतो. तिथली तक्रार कॉलेजबरोबरच जिल्हा प्रशासन आणि पोलीस अधीक्षकांकडेही जावी अशी नियमांत तरतूद आहे.

प्रकार सहलीत, समजा कासला किंवा महाबळेश्वरला घडला, तर सांगलीचं ठाणं ‘आमची हद्द नाही’ म्हणेल. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, म्हणून नोंद करायला सांगा, आणि त्याची प्रत मागा. ती फुकट मिळते.